चौदा नंबरचा गेटपास

वेंगुर्ल्याच्या चित्ररसिक मंडळाने ‘दर्याबहाद्दर’ मालिकेचे पाचही चित्रपट दाखवायचे ठरवले, पण अध्यक्ष बापूसाहेब निंबकरांनी पाचव्यावर काट मारली.

“नायक म्हातारा झालाय, आणि शेवट तर अगदीच टुकार,” ते थिएटरातच भरलेल्या बैठकीत म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

थिएटरचे डोअरकीपर सुदाम केळुसकर दाराशी उभे होते. मध्यंतरात बाहेर जाणाऱ्याला पुठ्ठ्याचा गेटपास द्यायचा, आत येताना परत घ्यायचा आणि वहीत टिपायचं, हे त्यांचं काम. पाचवा भाग त्यांचा सर्वांत लाडका.

“साहेब, शेवटी तो दोराला लटकून दरी ओलांडतो, ते आवडलं नाही का?” त्यांनी अदबीनं विचारलं.

“छे. या वयात कसल्या उड्या?”

“तो उडी मारतच नाही, साहेब. दोर लेकीच्या हाती देतो आणि गुडघे चोळत काठावर बसतो.” सुदामनी जुनी वही उघडली. “याच चित्रपटाच्या मध्यंतरात तुम्ही नेलेला चौदा नंबरचा पास अकरा वर्षं झाली तरी परत आलेला नाही.”

हशा पिकला. बापूसाहेबांनाही हसू आवरेना. पाचवा भाग यादीत परत आला.

त्या खेळाला ते शेवटपर्यंत बसले. मग कठडा धरून हळूहळू पायऱ्या उतरले आणि सुदामच्या हातावर पिवळा पडलेला पुठ्ठा ठेवला.

“जुन्या कोटात सापडला. उद्या हाच चित्रपट पुन्हा आहे ना, त्याची दोन तिकिटं ठेवा, लेकीला घेऊन येतो.”