वरातीची घोडी आणि पौषाचा महिना

एका गावाच्या माळावर, बाभळीखालच्या पत्र्याच्या तबेल्यात, एक पांढरीशुभ्र घोडी राहत असे. ती वरातीची घोडी होती. पाठीवर मखमली झूल पडली, गळ्यात घुंगुरमाळ आली आणि ताशा कडाडला, की ती जागच्या जागी असे पाय उचलून नाचे की लोक नवरदेवाला सोडून तिच्याकडेच बघत. हे तिला चांगले ठाऊक होते. शेजारच्या खुंट्याला एक बुटका तांबडा घोडा बांधलेला असे. तो वरातीला झुलीची पेटी वाहून नेई आणि वरात निघाली की मागे कुठेतरी उभा राही. त्याच्याकडे बघायचे कुणालाच कारण नव्हते. तबेल्यात एक बोकाही होता. त्याला उंदीर धरायला ठेवले होते. उरलेला वेळ तो कडब्याच्या गंजीवर झोपून काढी, आणि उरलेला वेळच फार असे.

मुलांनो, पौष महिन्यात आपल्याकडे लग्ने लावत नाहीत, हे तुम्ही ऐकले असेल. ज्याचे पोट वरातीवर, त्याला या महिन्यात दुसरे काम शोधावे लागते. या घोड्यांचा मालक बाबालाल पौषात गुऱ्हाळावर गूळ करायला जाई. पहाटे थंडीत कुडकुडत निघे, दिवस मावळल्यावर परते, आणि चुलीपुढे बसल्या बसल्याच त्याची मान कलंडे. घोड्यांना फिरवायला त्याला ना वेळ उरे, ना अंगात जीव.

शिवाय त्याच्या वडिलांनी एक नियम घालून दिला होता. वरातीची घोडी पौषात दारातून काढायची नाही. लोकांनी तिला ओझे वाहताना बघितले की तिचा रुबाब जातो, मग लग्नाला तिला कोण बोलावणार, असे वडील म्हणत. दुसरा नियम बाबालालचा स्वतःचा होता आणि तो मायेपोटी केलेला होता. "काम न्हाई म्हणून दाणा कमी करायचा न्हाई," असे तो बायकोला, रशीदाला, बजावी. "मुक्या जनावराच्या पोटाला चिमटा नगं." त्यामुळे घोडीला दोन्ही वेळा पाटीभर भिजवलेले हरभरे मिळत. काम मात्र काडीचे नसे.

रशीदालाही वेळ कुठे होता? पाणी, शेणगोठा, भाकऱ्या, धुणे, यातच दुपार होई. पण नवऱ्याची भाकरी गुऱ्हाळावर पोचवायला तिला रोज जावेच लागे. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. एक दिवस तिच्या मनात आले, आपण चालणारच आहोत, तर एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात दावे धरायला काय हरकत आहे? तिने बुटक्या घोड्याला सोडले. मग घोडीच्या दाव्यालाही हात घातला. घोडीने चारी पाय रोवले आणि कान मागे टाकले. रशीदाने एकदा ओढून बघितले, दुसऱ्यांदा ओढून बघितले.

"ऱ्हा मग उभी," ती म्हणाली. "मामंजींचा नियमबी तुझ्याच बाजूचा हाय, आन् मला वढायला ताकद न्हाई."

ती बुटक्याला घेऊन गेली आणि त्या दिवसापासून रोज जाऊ लागली.

"तू डबा पोचवायला जातोस?" घोडीने त्याला संध्याकाळी विचारले. "लाज नाही वाटत?"

"थंडी वाटते," घोडा म्हणाला. "पहिली शंभर पावले तर खूर उचलत नाही. पण पुढे अंग मोकळे होते. तूही येत जा."

"मी वरातीची घोडी आहे. आता माझे विश्रांतीचे दिवस आहेत."

गंजीवर बोका आळस देत होता. घोडीने त्याच्याकडे बघून विचारले, "काय रे, झोपून राहिल्याने कुणाचे काही बिघडते का?"

"माझे तर कधी बिघडले नाही," बोका म्हणाला. "महिनाभर पडून राहावे, उंदीर दिसला की झेप घ्यावी. त्यात काय आहे?" आणि त्याने पुन्हा डोळे मिटले. घोडीला हवे तेच उत्तर मिळाले होते. तुम्ही कधी आळशी मित्राला विचारले आहे का, की आज अभ्यास करू की नको? तसेच हे.

पौष निम्मा सरला. घोडीचे अंग तुकतुकीत दिसू लागले. संध्याकाळी तिचे मागचे पाय घोट्यापाशी सुजत आणि ती सारखी पाय बदलत उभी राही. बुटक्याने ते बघितले.

"तुझे पाय भरले आहेत," तो म्हणाला. "तुझ्या आधी याच खुंट्याला एक घोडी होती. तीही पौषभर अशीच उभी होती. माघात पहिल्याच वरातीला अडली, आणि वीटभट्टीवाला तिला घेऊन गेला. ती का अडली, हे कुणी विचारले नाही. ती परत आली नाही."

या खुंट्याला आपल्याआधी कुणी बांधलेले होते, हे घोडीला माहीतच नव्हते. मग तिने मान झटकली. "ती म्हातारी असेल," ती म्हणाली आणि हरभऱ्यात तोंड घातले.

माघाच्या पहिल्याच मुहूर्ताला पलीकडच्या गावातून बोलावणे आले. बाबालालने पेटी उघडली, झूल झटकली, घुंगुरमाळ पुसली. तो तिच्या पोटाखालचा तंग आवळू लागला, तर पट्टा दोन भोके कमी पडला. "तब्येत धरलीय पोरीनं," तो कौतुकाने म्हणाला. बुटक्याच्या पाठीवर पेटी चढली आणि सगळे निघाले. उशीर झाला म्हणून बाबालालने घोडीला सगळी वाट दुडकत नेले.

त्या गावात लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावरून मारुतीच्या पाया पडायला नेत, आणि तो पाया पडून आला की मगच अक्षता पडत. नवरदेव घोडीवर बसला. ताशा कडाडला. घोडीने मान उंच केली, पाय उचलले आणि नाचायला सुरुवात केली. लोक बघत होते. महिनाभर जे ती मनात बघत होती, तेच चालले होते. मग मारुतीचे देऊळ शंभर हातांवर आले असताना तिच्या मागच्या मांड्या आखडल्या. तिने पाय टाकायचा प्रयत्न केला, तो पुढे येईना. मांड्या लाकडासारख्या टणक झाल्या होत्या आणि थंडीच्या दिवसात तिच्या अंगावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. तिला फार दुखत होते.

बाबालालने लगाम ओढला, चुचकारले, मागून ढकलले. घोडी थरथरत जागीच उभी राहिली. ताशेवाले थांबले. नवरदेवाचा मामा गर्दीतून पुढे आला. "बाबालाल, मुहूर्त गाठायचा हाय," तो म्हणाला. "आता काय पोराला खांद्यावर न्यू?"

बाबालालने इकडेतिकडे बघितले. कुंपणापाशी बुटका घोडा पाठीवर रिकामी पेटी घेऊन उभा होता. पेटी खाली उतरली, झूल त्याच्यावर चढली आणि दोन्ही बाजूंनी मातीत लोळू लागली. नवरदेव बसला तेव्हा त्याचे जोडे जमिनीला टेकायला टीचभरच राहिले. लोक हसले. बुटक्याला नाचता येत नव्हते. तो रोज गुऱ्हाळावर जाई तसाच चालत देवळापर्यंत गेला आणि तसाच चालत मांडवात आला. मुहूर्त साधला.

घोडीजवळ तोवर जनावरांचे डॉक्टर आले होते. "हिला आता एक पाऊलही चालवू नका," ते म्हणाले. त्यांनी इंजेक्शन दिले, पाणी पाजायला सांगितले, आणि मग बाबालालला विचारले, "महिनाभर उभी होती ना? दाणा किती देत होता?"

"पुरा," बाबालाल म्हणाला. "कमी केला न्हाई, साहेब."

"तिथंच चुकलं. घोडं उभं राहिलं की दाणा निम्म्यावर आणायचा, आणि रोज थोडं तरी चालवायचं. पुरा दाणा आणि काम शून्य, वर एकदम दौड. दुसरं काय होणार?"

बाबालालला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पोटाला चिमटा नको म्हणून जो दाणा दिला, तोच तिला बाधला होता.

दोन दिवसांनी घोडीला टेम्पोतून घरी आणले. तिसऱ्या दिवशी वीटभट्टीवाला दारात उभा राहिला. त्याला कुणी बोलावले नव्हते, पण अशी बातमी त्याला बरोबर लागते. "वरातीला आता ही कोण बोलवंल?" तो म्हणाला. "माझ्याकडं मातीच्या खेपांना चालंल. द्या हिला." घोडीने हे ऐकले आणि तिला त्या आधीच्या घोडीची आठवण झाली. भीतीने तिला चाऱ्याला तोंड लावावेसे वाटेना.

गंजीवरून बोका खाली उतरला होता. घोडी त्याला म्हणाली, "तू तर म्हणालास, पडून राहिल्याने काही बिघडत नाही."

"माझे बिघडत नाही, असे म्हणालो," बोका म्हणाला. "मी मांजराचे सांगितले. घोडीचे घोड्याला विचारायचे होते. तो तर शेजारीच बांधला होता."



बाहेर रशीदा बाबालालला म्हणाली, "तिनं काय केलं वो? हुबी ऱ्हायली, कारण आपण हुबी केली. दाणा आपण घातला. होळीपातूर थांबा. न्हाई चालली तर द्या."

"आन् रोज चालवायचं कुणी? लगीनसराई सुरू झाली तरी मधल्या दिवसांत मला गुऱ्हाळ सुटत न्हाई."

"डब्याला मी जातेच की. येक दावं आणखी."

"लोक बघतील. आब्बांचा नियम..."

"बघू द्यात," रशीदा म्हणाली. "उभ्या घोडीपरास चालती घोडी बघितलेली बरी."

वीटभट्टीवाला होळीला येतो म्हणून सांगून गेला.

आठ दिवस घोडी विश्रांतीला होती आणि दाण्याऐवजी नुसते गवत खात होती. नवव्या दिवशी रशीदाने तिला दारापर्यंत नेऊन आणले. दुसऱ्या दिवशी बाभळीपर्यंत. मग ओढ्यापर्यंत. बुटका शेजारून चाले आणि ती थांबली की थांबे. एकदा तिने त्याला विचारले, "रोज एवढेसेच चालून काय होणार?"

"एवढेसेच होते," तो म्हणाला. "उद्या परत एवढेसे होईल."

होळीच्या आदल्या दिवशी घोडी डब्यासह गुऱ्हाळापर्यंत गेली आणि परत आली. होळीला वीटभट्टीवाला आला तेव्हा तबेला रिकामा होता. घोडी आणि बुटका दोघेही गुऱ्हाळाच्या वाटेवर होते. तो थोडा वेळ थांबला आणि गेला.

पुढच्या पौषातली गोष्ट. रोज दुपारी लोकांना दिसे, की वरातीची पांढरी घोडी भाकरीचा डबा घेऊन गुऱ्हाळाच्या वाटेने चालली आहे. काही जण हसले. त्याच वाटेवरच्या एका म्हाताऱ्याने मात्र महिनाभर बघून शेवटी बाबालालला गाठले. "माझ्या नातवाच्या लग्नाला हीच घोडी पायजे," तो म्हणाला. "गेल्या साली अडल्याचं ऐकलंय. पण रोज चालताना मी सोता बघितलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाने पत्रा ठिबकत होता. रशीदाने अजून डबा भरलाही नव्हता, तरी घोडी दाराकडे तोंड करून उभी होती.

"बाहेर फार गारठा आहे," बोका गंजीतून म्हणाला.

"आहे खरा," घोडी म्हणाली. "पहिली शंभर पावले जड जातात."

तात्पर्य : अंगातली ताकद पेटीतल्या झुलीसारखी घडी घालून ठेवता येत नाही, वेळ थोडा असला तरी ती रोज थोडी वापरावी लागते. आणि विश्रांती किती घ्यावी, हे बोक्याला विचारू नये.