घोंगडीतले तीन हात

"आणि मागावर विणणारे तुझे सोबती? ते काय म्हणतात?" निजामबाबांनी विचारलं.

बिराप्पा सारंगीला गवसणी घालत होता. सोबत्यांचं नाव निघताच त्याचा हात थांबला. नाकावर माशी बसू न देणारा गडी तो!

"काय म्हणणार, बाबा? ऊन कललं की तो हणमा ओरडतो, 'उठा उस्ताद, तुमची वेळ झाली!' मग सगळे खिदळतात. गाढवाला गुळाची चव काय!"

"रोज ओरडतो?"

"न चुकता. त्याला कुस्तीचा नाद. संध्याकाळी तालमीत जायला मिळत नाही, तो राग माझ्यावर काढतो."

"आणि म्हातारा शिवाप्पा?"

"तो मान वर करून बघतसुद्धा नाही."



निजामबाबा हे गावाबाहेरच्या दर्ग्यापाशी राहणारे फकीर. बिराप्पा घोंगड्या विणणारा. ऊन कललं की माग सोडून तो बाबांकडे यायचा, अंधार पडेपर्यंत सारंगी शिकायचा आणि तिथूनच घर गाठायचा. असं वर्ष झालं होतं. हात आता चांगला बसला होता, आणि त्याबरोबर तोराही.

आज धडा संपला तरी तो उठेना.

"बाबा, मी माग सोडतो. कायमचा तुमच्या पायाशी राहतो. तिथं माझं म्हणावं असं कुणी नाही. जे शिकलो ते एकट्याच्या जिवावर शिकलो."

"आणि काम?"

"कामात कसूर नाही! रोज अर्धवट उठून येतो, तरी दर बाजाराला माझी घोंगडी पुरी असते. सुरांनी हाताला वेग आलाय, बाबा."

"असं?"

"असं म्हणजे? हे बघा की!"

त्यानं बोचकं सोडलं. आत नवी काळी घोंगडी होती. थंडीत बाबा कुडकुडतात हे त्याला बघवत नव्हतं, म्हणून घरची लोकर घालून त्यानं ती विणली होती. त्या माणसावर त्याचा खरोखर जीव होता.

बाबांनी घोंगडी मांडीवर घेतली. फकिरी पत्करण्याआधी त्यांनीही अर्धी हयात मागावर काढली होती. त्यांची बोटं एका काठापासून हळूहळू सरकत गेली, मध्येच थांबली, पुन्हा सरकली.

"डोळे मीट," बाबा म्हणाले. "आता तू हात फिरव."

बिराप्पानं हसत डोळे मिटले.

पहिली वीतभर वीण त्याचीच होती, सरळ आणि एकसारखी. पुढं बोटांना वीण दगडासारखी घट्ट लागली. विणीवर एवढा जोराचा ठोका मारायची ताकद त्याच्या मनगटात कधीच नव्हती. तसा ठोका मागांच्या अख्ख्या छपराखाली एकाच पैलवानाचा होता.

त्याचं हसू मावळलं.

मग पुन्हा त्याची वीण. त्यापुढं चार बोटं सैल पट्टी, काठ जरासा थरथरलेला… म्हाताऱ्या हाताचा.

मग पुन्हा त्याची. मग पुन्हा घट्ट.

दुसऱ्या टोकापर्यंत असंच होतं. वर्षभर डोकं सुरांत ठेवून तो मागावर बसला होता. काल कुठं सोडलं आणि आज कुठून धरलं, हे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यानं डोळे उघडले. ते भरून आले होते.

"मला कुणी बोललंच नाही, बाबा…"

"'वेळ झाली' म्हणून हणमा रोज ओरडत होता ना?"

बिराप्पाची मान खाली गेली. दर्ग्यावरच्या चिंचेत पाखरं कलकलत होती.

"मी आता काय करू?"

बाबांनी घोंगडी खांद्यावर ओढली. सारंगी उचलून आपल्यामागं भिंतीला टेकवून ठेवली.

"ही उद्या इथंच राहू दे, तू मागावरच थांब," ते म्हणाले. "ऊन कललं की हणमाला हाक मार. तालमीची वेळ होते."