खडकमाळची संध्याकाळची हजेरी

समोर दिसते ती नऊ नंबरची शाळा. तिच्या मागे दगडाची खाण आहे, आता पाण्याने भरलेली. खाणीकडचं दार विटांनी बुजवलंय, ते पाहून घ्या. या शाळेत हजेरी दोनदा होते, एकदा प्रार्थनेनंतर आणि एकदा शाळा सुटताना. शहरात दुसरीकडे कुठे ही पद्धत नाही.

पूर्वी खडकमाळ शहराबाहेर होतं आणि त्याचं स्वतःचं शाळा मंडळ होतं. अकरा शाळा, नऊ सभासद आणि नव्वद सभासदांना पुरतील इतके वाद. पुढे महापालिकेने खडकमाळ पोटात घेतलं आणि मंडळ बरखास्त झालं. ही हकीकत मंडळाच्या शेवटच्या वर्षातली, असं सांगतात.

त्या साली मंडळाने ठराव केला की ज्या शाळेचा पट चाळीसच्या खाली, ती बंद. नऊ नंबरमध्ये मुलं तेहेतीस, सगळी खाणकामगारांची. दुसरी शाळा रेल्वेच्या रुळांपलीकडे. ही शाळा बंद झाली तर मुलं रूळ ओलांडणार नाहीत, आईबापांशेजारी खडी फोडायला बसतील, हे मुख्याध्यापिका साळसकरबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्या घरोघर फिरल्या. तेहेतीसचे चौतीस झाले नाहीत.

मग बाईंनी जे केलं ते तेव्हा निम्म्या शाळा करत. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. एका पानावर सात नावं ओळीने कमी केलेली होती. का, ते लिहिलेलं नव्हतं. कारणाचा रकाना रिकामा ठेवणं ही आमच्या शिक्षण खात्याची जुनी सवय. बिऱ्हाडं उठून गेली असतील, असं समजून बाईंनी ती सातही नावं नव्या हजेरीपटावर चढवली आणि सबब तयार ठेवली, की सात जणांना गोवर आलाय.

सबब लागली नाही. तपासनीस साहेबांनी स्वतः हजेरी घेतली. चौतिसावं नाव पुकारलं आणि आवाज आला, "हजर." पस्तिसावं. "हजर." असं थेट चाळिसाव्यापर्यंत. साहेबांनी चष्मा सरकवून डोकी मोजली.

"पट भरलाय की, बाई! लोक उगाच कागाळ्या करतात," साहेब म्हणाले आणि शाळा चालू ठेवण्याच्या आदेशावर तिथेच सही केली.

बाईंनीही मोजलं म्हणे. चाळीसच. मग त्यांनी एकेक चेहरा पाहिला. एकही चेहरा अनोळखी नव्हता. वरचे सात कोणते, ते त्यांना ओळखता येईना.

दाराशी लखू शिपाई उभा होता. "बाई, ही नावं कुठनं काढलीत?" तो कुजबुजला. "ही सात पोरं मधल्या सुट्टीत खाणीत पोहायला गेली होती. तुमच्या आधीची गोष्ट. वर आलीच नाहीत."

शाळा सुटली तेव्हा सगळी मुलं खाणीकडच्या दाराने निघाली. हातात हात, गप्प, सरळ पाण्याच्या काठापर्यंत. बाईंनी आणि लखूने धावत जाऊन ओढून आणलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पुढची मुलं गुडघाभर पाण्यात होती.

त्या संध्याकाळी बाईंनी सातही नावांवर लाल रेघ ओढली. सकाळी पुन्हा चाळीस डोकी.

"खोडून काय होतंय?" लखू म्हणाला. "एकदा खोडलीच होती की."

पटावरचं मूल शाळा सोडतं ते दाखला घेऊन, आणि दाखला मिळतो पालकाच्या सहीने. त्या सातांचे आईबाप खाण सोडून केव्हाच परागंदा झाले होते.

चौथ्या दिवशी शाळा सुटण्याआधी बाईंनी हजेरी घेतली. तेहेतीस नावं एकेक करून वाचली. नाव घेतलं की ते मूल उठे, रस्त्याकडच्या दाराने बाहेर येई आणि लखू त्याला आईच्या हाती देई. वर्गात सात उरली. बाईंनी सात दाखले भरले आणि पालक म्हणून खाली सही करू लागल्या.

"बाई, तुमची सही कशाला?" लखू दारातूनच ओरडला. आत पाऊल टाकायची त्याची छाती झाली नाही.

"कोणाची तरी लागतेच ना रे," बाई म्हणाल्या.

मग त्या मुलांना घेऊन खाणीकडच्या दाराने गेल्या. लखूला दोनाचा पाढा ऐकू येत होता, आठ आवाजांत. 'बे साती चौदा'ला पाढा थांबला. बाई पुन्हा कोणाला दिसल्या नाहीत.

आजही आपलं नाव वाचून झाल्याशिवाय इथलं एकही मूल जागचं उठत नाही. मंडळाच्या आदेशात चाळीस मुलं आणि सुपूर्त केलेल्या पटावर तेहेतीस, हा फरक महापालिकेला अजून सुटलेला नाही. आजही दर वर्षी मुख्य कचेरीतून पत्र येतं, की सात विद्यार्थ्यांबाबत खुलासा करावा. मुख्याध्यापक कोणीही असोत, उत्तर एकच जातं : पालकांच्या ताब्यात दिले.