भेगांना टाके

वैशाखातली दुपार, बरोबर बारा वाजलेले. काळेगावच्या रानात राजा भानुदेवाचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत जमिनीत गेला!

महाराजांची राजधानी समुद्राकाठी, लाल मातीत. घाट चढून ते वर आले ते जन्मात पहिल्यांदाच. उन्हाळ्यात काळी जमीन इतकी भेगाळते की वासराचा पाय अडकावा, हे त्यांना कोण सांगणार? चार माणसांनी ओढून पाय बाहेर काढला.

"जमीन फाटली!" महाराज ओरडले. "कुणाचं हे रान?"

"माझं, सरकार," गणोजी हात जोडून पुढे आला. "पण ही दरसाल अशीच..."

"म्हणजे आळससुद्धा दरसालचा! उद्या दुपारपर्यंत एकूण एक भेग शिवून टाक. बाहेरची माती घालायची नाही. नाही जमलं, तर रान सरकारजमा!"

गणोजी डोकं धरूनच घरी आला. बायको, हौसा, बाळाला झोका देत होती.

"अहो, काय झालं? ऊन लागलं का?"

"रान गेलं आपलं. महाराजांनी जमीन शिवायला सांगितलीय."

हौसाला हसू फुटलं. पण नवऱ्याचं तोंड बघून तिनं ते गिळलं. रान गेलं तर या लेकराच्या तोंडात घास कुठला पडायचा?

"उद्या मी येते," ती म्हणाली. "सुई आहे आपल्याकडे."

"अगं, चेष्टा कसली सुचतेय तुला!"

"मग रडू? रडायला हा आहे की."

दुसऱ्या दिवशी आमराईतल्या महाराजांच्या तंबूपुढे ती गणोजीला घेऊन उभी राहिली. कडेवर बाळ, त्याच्या डोक्यावर पदर, हातात सुईदोरा. महाराजांनी भुवया उंचावल्या.

"शिवलीस का जमीन?"

"शिवते की. पण महाराज, तुमच्याकडे मातीला भेगा पडत नाहीत?"

"एकसुद्धा नाही! आमची लाल माती शहाणी आहे."

"असेल. पण पाणी प्याली की लगेच सोडून देते म्हणतात. आमची काळी तशी नाही. प्यालेलं पोटात धरून ठेवते. पाऊस गेल्यावर पेरलेली ज्वारीसुद्धा तेवढ्यावर हुरड्याला येते."

"गोष्टी पुरे! टाका घाल!"

"घालते. पण हे काम मी कधी केलेलं नाही. आधी लहानशा भेगेवर हात बसवू द्या."

बाळाची दुधाची वेळ टळून गेली होती. त्यानं तोंड वासलं आणि असा टाहो फोडला, की आमराईतले कावळे उडाले! हौसानं बाळाचं उघडं तोंड दाखवत सुईदोरा महाराजांपुढे धरला.

"ही बघा भेग. पहिला टाका कुठून घालू? वरून का खालून?"

"वेडी का खुळी तू!" महाराज आसनावरून उठलेच. "लेकरू भुकेलंय! आधी त्याला पाज!"

"पाजलं म्हणजे तोंड मिटेल?"

"आपोआप मिटेल! आई ना तू? एवढंही कळत नाही?"

"मला कळतं, महाराज. जमीनसुद्धा माझ्या बाळासारखीच तोंड वासून बसलीय. तिला पाणी मिळालं की ती आपोआप मिटते. आणि तुम्ही कालपासून तिचं तोंड शिवायला निघालाय!"

महाराजांशेजारचे प्रधानजी खोकल्यासारखे हसले. गणोजीनं डोळे मिटून घेतले. आणि महाराज असे हसले की मुकुट कानावर आला!

"गणोजी, रान तुझंच! बाई, तू आधी आत जा, पाज त्याला."

बाळ पिऊन झोपलं. हौसा बाहेर आली, तेव्हा महाराजांनी बाळासाठी चांदीची वाटी पुढे केली.

"रिकामी वाटी घेऊन मी काय करू, महाराज? गावाला एक तळं बांधून द्या. वाटी आम्ही भरू."

"दिलं तळं! वाटीही ठेव. आता आणखी काही राहिलंय?"

"एक निरोप आहे. पावसाळ्यात समुद्रावरून ढग निघतात, ते तुमच्याच बाजूला सगळं ओझं टाकतात आणि घाट चढून आमच्याकडे हात हलवत येतात. ते निघायच्या आधी तेवढं त्यांच्या कानावर घाला, की काळेगाव अजून पुढं आहे!"