भिकूतात्या आणि चुन्यातला तांदूळ

समुद्रापलीकडे तोफा धडधडत होत्या आणि इकडे नांदरबंदरच्या चुली विझत होत्या, त्या काळची ही गोष्ट. लढाईमुळे ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. माणसं कणग्या झाडून, कंदमुळं उकडून खाऊ लागली.

त्या गावात भिकाजी मयेकर नावाचा सरकारी तपासनीस होता. दूध, मासळी, धान्य तपासायचं आणि नासलेलं फेकून द्यायचं, हे त्याचं काम. गाव त्याला भिकूतात्या म्हणे. गलबत खाडीत शिरायच्या आत तात्या काठावरून वास घेऊन आतला माल सांगायचा, असं म्हणतात.

एके दिवशी रेशनच्या तांदळाचं गलबत आलं. सगळं गाव धक्क्यावर धावलं. तात्या मात्र जागीच थिजला. खारं पाणी लागून तांदूळ कुजला होता, हिरवा पडला होता. त्याने मूठभर शिजवून आधी कोंबड्यांना घातला. कोंबड्या मेल्या.

पारू खारवीण त्याच्या पाया पडली. नवरा बुडालेला, पदरात दोन पोरं.

"वास मारता तर मारांदे, तात्यानू. पोरांक पेज तरी होयत."

"पारू, ह्या तांदळाची पेज नाय, मरण शिजतला. दुसरा गलबत येतला. मी आणतंय."

त्याने खड्डा खणवला, पोती ओतली, वर चुना टाकला आणि पायीच तालुक्याला गेला. तिथला साहेब म्हणाला, "तुमच्या गावाचा वाटा आला होता. तुम्हीच तो पुरलात. आता आहे तो फौजेला." तात्या दिवसच्या दिवस तिथे हात जोडत राहिला, उंबऱ्यावर डोकं टेकत राहिला. दाणा मिळाला नाही.

तो रिकाम्या हाताने परतला, तर खड्डा उकरलेला. लोकांनी चुना धुऊन तांदूळ शिजवला होता. ज्यांनी खाल्ला ते तडफडून गेले. ज्यांनी तात्याचं ऐकलं ते भुकेने गेले, जरा सावकाश.

पारूने खड्ड्यातला दाणा घरात आणला नव्हता. ती दारात एकटीच बसली होती. ती रडली नाही.

"तात्यानू, तुमचा म्हणणा खरा होता. मग माझी पोरां खंय गेली?"

तात्या खड्ड्याच्या काठी जाऊन बसला, तो उठलाच नाही. हाका मारल्या, उकडलेले कंद नेले. त्याने तोंड उघडलं नाही. आधी त्याची वाचा गेली, मग भर उन्हात सावली गेली, मग तात्याच दिसेनासा झाला, असं म्हणतात. दुसरं गलबत आलं तेव्हा ते उतरवून घ्यायला गावात पुरती माणसं उरली नव्हती.

नांदरबंदरात आजही लग्न असो की बारसं, पंगतीचा भात उतरला की घरातली थोरली बाई त्याचा वास घेते, एक शीत जिभेवर ठेवते आणि खाडीकडे तोंड करून म्हणते, "तात्यानू, भात बरो आसा." तोवर कुणाच्या पानात वाढत नाहीत.

तात्या कोण, असं एखादं पोर विचारतंच. त्याला कुणी सांगत नाही. "आधी जेव," म्हणतात.