भरलेला आवाज

“आणि रात्रभर विहिरीच्या पाण्यात ठेवली तर?” नागूमावशीने विचारलं.

“नाही जात.”

“राख लावून चोळली तर?”

“नाही गो मावशी. उकळूनसुद्धा नाही जात.”

चुलीवर टोपात कालवांचं सार रटरटत होतं. आतल्या खोलीत मावशीची लेक जयवंती, पाच दिवसांची बाळंतीण. आमच्या कोळीवाड्यात पाचव्या दिवशी बाळंतिणीला हे सार पाजतात, दूध उतरावं म्हणून. कुणीही केलेलं चालत नाही. चाळीस वर्षं झाली, घरोघरचं सार नागूमावशीच करते.

मी शेजारचा. मावशीच्या पडवीत जाळं सांधत बसलो होतो. सगळं माझ्या कानांनी ऐकलंय, म्हणून सांगतो.

मावशीसमोर सुगंधा उभी होती, हातात कागद घेऊन. ही मावशीचीच शिष्या. लहानपणी तीन वर्षं ओहोटीला तिच्यामागून चिखल तुडवला हिने. मावशी शिकवायची, खडकावरचं कालव आधी टोच्याच्या, म्हणजे कालवं फोडायच्या लोखंडी हत्याराच्या, पाठीने वाजवायचं. भरलेला आवाज आला तर आत जीव आहे, फोड. पोकळ आला तर पुढं चल. सुगंधा वाजवायच्या आधीच फोडायची.

“हिचा हात पुढं, कान मागं,” मावशी म्हणायची.

शिकून तयार झालेल्या पोरीला मावशी आपल्या हाताने टोचा देते. मावशीचा टोचा जिच्या हाती, ती उतरेल तेव्हाच बाकीच्या बायका चिखलात उतरतात, ती थांबली तर सगळ्या थांबतात, असा आमच्याकडे रिवाज. सुगंधाला तो काही मिळाला नाही. फणकाऱ्याने शहरात गेली, रसायनात मोठी पदवी घेऊन आली. आता दोन वर्षं आपल्याच खाडीची कालवं पिशव्यांत भरून तपासायला नेत होती.

“शिसं आहे, कॅडमियम आहे,” तिने कागदावर बोट आपटलं. “किती आहे ते इथं लिहिलंय. वर माझं नाव आहे. सकाळी देवळासमोर वाचून दाखवलं, तर बायका हसल्या. म्हणे, चार बुकं शिकली आणि कालवांना नावं ठेवायला लागली! अडाणी कुठल्या!”

पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

“तुझा शब्द मोडायच्या नाहीत त्या,” सुगंधा म्हणाली. “तू सांग त्यांना.”

मावशीने सुपातलं एक न फोडलेलं कालव उचललं. टोच्याच्या पाठीने वाजवलं. कान जवळ नेला.

“भरलेलं आहे गो.”

“भरलेलंच लागणार. शिसं वाजत नाही, मावशी.”

मावशीने दुसरं वाजवलं. मग तिसरं... मग चौथं...

मला बघवेना. या कानावर अख्खा कोळीवाडा जेवला होता.

“चिखल ओकतं ते,” मावशी म्हणाली. “वाळू ओकतं. मग हेच का ठेवून घेतं?”

“अंगात मुरतं त्याच्या. दिवसभर पाणीच पितं ते. पाण्यात जे येतं, ते साठत जातं.”

“कधीपासून?”

“वरचे कारखाने आल्यापासून. वीस वर्षं तरी.”

मावशीची बोटं हलायला लागली. अंगठा एकेका पेरावरून सरकत होता.

“द्वारकीची दोन बाळंतपणं... फुलाबायची सून... तानीची तिन्ही...”

ती काय मोजतेय ते मला कळलं, आणि हातातलं जाळं तसंच राहिलं.

“आईच्या दुधात उतरतं का गो ते?”

“कॅडमियम फारसं नाही. शिसं उतरतं.”

“तुझ्या लेकीच्या पाचवीला दोन वाट्या पाजल्या मी तुला. तू एकीलाच पुरे म्हणत होतीस...”

सुगंधाची लेक आता तीन वर्षांची आहे.

“हो,” सुगंधा म्हणाली. कागद धरलेला हात खाली आला. मघाचा तोरा कुठल्या कुठे गेला, पोरीचं तोंड एवढंसं झालं.

आतून जयवंतीने हाक मारली, “आये, झालं का गो सार? पोटात कावळे ओरडतायत!”

मावशीने चुलीवरचा टोप उतरवला.

“पेज टाकते तुला. जरा दम धर.”

“पाचवीला पेज? लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत.”

सुगंधाने डोळे पुसले, फडक्याने टोप उचलला आणि मागच्या दाराकडे निघाली. दाराबाहेर चार पावलांवर खाडी. भरती येत होती.

मावशीने तिचं मनगट धरलं.

“कुठं?”

“ओतून येते.”

“परत खाडीच्याच तोंडात?”

सुगंधा जागच्या जागी थांबली. खाडीकडे बघितलं, टोपाकडे बघितलं.

“मग कुठं ओतू मावशी?”

सुगंधाने टोप खाली ठेवला. दोघी त्याच्या दोन बाजूंना बसल्या. सारावर साय धरायला लागली, तरी कुणी उठेना. आत बाळ रडलं, जयवंतीने त्याला उगी केलं...

मग मावशीने सुपातला टोचा घेतला. पदराने पुसला, त्याच्या मुठीवरचा चिखल नखाने काढला आणि सुगंधाच्या हातात ठेवला.

सुगंधाला हुंदका आवरेना.

“आता कशाला देतेस गो? आता तर कालवं फोडायचीच नाहीत.”

“म्हणून तर देतेय,” मावशी म्हणाली.