ओट्या तीन, जखम उघडी

ऐक जिवतीआई, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, वैद्यांनी गजबजलेलं होतं. तिथं एक रीत होती. दारी आलेली गर्भारशी ओटी भरल्यावाचून परत धाडायची नाही.

त्या नगरात गिरजा कुंभारीण राहायची. तिची सून ठकू, आठवा महिना लागलेला. मडकी गाडीत घालून बाजाराला निघाली, गाडी उलटली, मांडी फाटली, रक्ताची धार लागली. मग गिरजेनं सुनेला बाजेवर घातलं, चौघांनी बाज उचलली, हाडवैद्याचं दार गाठलं.

हाडवैद्य म्हणाला, "बाई पोटुशी आहे. काही झालं तर बोल माझ्यावर. सुईणीकडे न्या." त्याच्या बायकोनं ओटी भरली, पुढं धाडली.

मग सुईणीचं दार गाठलं. सुईण म्हणाली, "कळा नाहीत, मग माझं काय काम? राजवैद्याकडे न्या." तिनंही ओटी भरली, पुढं धाडली.

मग राजवैद्याचं दार गाठलं. त्यानं पोटाला कान लावला, हसला. "बाळ सुखरूप आहे हो म्हातारे!" ठकूचे ओठ पांढरे पडले होते. तिकडं त्यानं पाहिलंच नाही. बायको ओटीचं तबक घेऊन बाहेर आली.

गिरजेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं तबक भिरकावलं. "मेल्या, आई गेली तर बाळ कुणाच्या पोटात ठेवशील? तुझ्या? नारळानं रक्त थांबतं का रे?"

"अगं, रीत आहे..."

"चुलीत घाल तुझी रीत!"

वैद्याच्या भिंतीवर जिवतीच्या चित्राचा कागद होता. तशी त्यातली जिवती कोपली, कागदातून बोलली. "मला फुलं वाहतोस, माझी लेक मारतोस? ऊठ! जखम दाब. तिला डाव्या कुशीवर निजव, पोटाचा भार पाठीकडच्या मोठ्या शिरेवरून उतरू दे. आधी आई, मग पोट. हा वसा घे. उतशील, मातशील, वसा टाकशील, तर तुझ्या लेकीची बाज दारोदार फिरेल."

वैद्य ताडकन उठला. मग त्यानं जखम दाबली, घट्ट बांधली, ठकूला डाव्या कुशीवर वळवलं. रक्त थांबलं. ठकूनं डोळे उघडले.

"आत्याबाई, मडकी फुटली का हो?"

"फुटू देत मेली! तू बोलत राहा."

पुढं दिवस भरले, ठकूला मुलगी झाली. गिरजेचा राग मात्र निवला नाही. दर शुक्रवारी ती तिन्ही दारी जाई, उंबऱ्यात उभी राही, विचारी, "आज कुणाला पुढं धाडलंत?"

जशी ठकू वाचली, तशा तुमच्या आमच्या लेकीसुना वाचोत. जो बाज पुढं धाडील, त्याला जिवती जाब पुसो. ही साठां उत्तरांची कहाणी, पांचां उत्तरीं, उघड्या दारी सुफळ होवो.